खाजगी पत्राचा तिसरा वाचक

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांच्या खाजगी पत्रव्यवहाराकडे इतिहासकार एक साधन म्हणून पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा पत्रव्यवहार सहसा आपल्या प्रांताबाहेरचा वाटतो. वस्तुतः कोण बोलतो, कोणाशी बोलतो, आणि त्या बोलण्याचा खरा वाचक कोण, हे संहितेविषयीचे मूलभूत प्रश्न या पत्रांत जितक्या निकडीने उभे राहतात तितके ते एखाद्या पत्रात्मक कादंबरीतही क्वचितच राहत असतील. कादंबरीतील पत्र चुकीच्या हाती पडले तर एखाद्या नायिकेचे नुकसान होते. येथे एखादे पत्र दडपले गेले वा उघडले गेले तर माणसे मरतात. म्हणूनच लॉर्ड पामर्स्टनच्या पत्रांच्या निमित्ताने या प्रश्नांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

हेन्री जॉन टेंपल, तिसरा व्हायकाउंट पामर्स्टन, याचा जन्म १७८४ सालचा. सरदारकी आयर्लंडची असल्यामुळे त्याला कॉमन्स सभागृहात बसता येत असे. १८३० ते १८३४, १८३५ ते १८४१ आणि १८४६ ते १८५१ अशी तीन खंडांत मिळून सुमारे सोळा वर्षे तो परराष्ट्रमंत्री होता. पुढे दोनदा पंतप्रधान झाला आणि १८६५ मध्ये त्याच पदावर असताना वारला. उभे राहून लिहिण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. त्याहूनही प्रसिद्ध आहे ते त्याचे हस्ताक्षराविषयीचे वेड. कचेरीतील कारकून आणि परदेशातील वकील कसे लिहितात यावर त्याची करडी नजर असे. शाई फिकी असली, अक्षर बारीक असले की शेरा ठरलेला. एका लेखनिकाच्या तिरप्या अक्षराला त्याने कललेल्या लोखंडी कुंपणाची उपमा दिली होती. पत्र वाचता आले पाहिजे, एका दृष्टिक्षेपात वाचता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह. अक्षर स्वच्छ असले म्हणजे अर्थही स्वच्छ असतो, असे मात्र त्याच्या स्वतःच्या पत्रव्यवहारावरून म्हणता येत नाही.

याचे कारण त्या कचेरीच्या रीतीत आहे. परराष्ट्रमंत्री आणि राजदूत यांच्यात दोन समांतर पत्रव्यवहार चालत. एक सरकारी खलित्यांचा. खलित्याला क्रमांक असे, त्याचा विषय ठरलेला असे, त्याची नक्कल दप्तरी राही, तो राणीकडे आणि मंत्रिमंडळात फिरे, आणि संसदेने मागणी केली तर तो निळ्या वेष्टनाच्या छापील पुस्तिकेत प्रसिद्धही होई. दुसरा खाजगी पत्रांचा. या पत्राला क्रमांक नसे. पुष्कळदा ते त्याच दिवशी, त्याच थैलीतून, त्याच माणसाला जाई. खलित्यात मंत्री सरकार म्हणून बोले. खाजगी पत्रात त्या सरकारी वाक्याचा खरा रोख काय, ते किती जोराने उच्चारायचे, कोणासमोर गिळून टाकायचे, हे सांगे. एक संहिता आणि एक तिचे भाष्य, असे हे नाते होते. फरक इतकाच, की येथे भाष्यच आज्ञा होते आणि मूळ संहिता पुष्कळदा केवळ सोपस्कार.

या रीतीचा एक व्यावहारिक परिणाम झाला. खाजगी पत्र मंत्र्याच्या मालकीचे मानले जाई, म्हणून पद सोडताना तो ते घरी घेऊन जाई. खलिते सरकारी अभिलेखागारात राहिले. भाष्ये सरदारांच्या वाड्यांतील पेट्यांत गेली. ॲबर्डीनची कागदपत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, क्लॅरेंडनची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, तर पामर्स्टनची त्याच्या हँपशरमधील ब्रॉडलँड्स या घराण्याच्या वाड्यातून पुढे साउथॅम्प्टन विद्यापीठात गेली. एका राज्याचे बोलणे एका इमारतीत आणि त्या बोलण्याचा हेतू दुसऱ्या गावी, अशी ही वाटणी आहे. निव्वळ सरकारी दप्तर वाचून या काळाचा इतिहास लिहिणारा अभ्यासक अर्धे संभाषण ऐकतो, आणि ते पूर्ण आहे असे समजण्याचा धोका त्याला सतत असतो.

'खाजगी' या शब्दाने जवळीक सूचित होते. पामर्स्टनच्या पत्रांत ती नाही असे नाही. नेपल्सच्या दरबारी वकील असलेल्या विल्यम या भावाला लिहिलेल्या पत्रांत राजकारण आहे, शेतीवाडी आहे, घोडे आहेत. धाकटी बहीण एलिझाबेथ आणि तिचा नवरा लॉरेन्स सुलिव्हन यांना त्याने अर्धशतकाहून अधिक काळ लिहिलेली पत्रे १९७९ मध्ये केनेथ बोर्न यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांत कॉलेजमधील तरुणापासून वृद्ध पंतप्रधानापर्यंत एकच सावध, खेळकर आवाज ऐकू येतो. लेडी कूपर हिच्याशी अनेक वर्षांचे प्रेमसंबंध आणि मग, ती विधवा झाल्यानंतर, १८३९ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिच्याशी झालेला विवाह, हाही त्याच्या पत्रजीवनाचा एक मोठा भाग आहे. परंतु कचेरीतील खाजगी पत्रात हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तेथे 'खाजगी' म्हणजे ज्याची नोंद राहणार नाही, ज्याचा जाब विचारता येणार नाही असे. जवळीक ही तेथे एक शैली आहे, आणि ती शैली सत्तेच्या फार उपयोगी पडते.

कॅप्टन चार्ल्स एलियट याला २१ एप्रिल १८४१ रोजी लिहिलेले पत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या अफूयुद्धात चीनमधील ब्रिटिश व्यापाराची देखरेख एलियटकडे होती. त्या वर्षाच्या जानेवारीत त्याने चिनी अधिकाऱ्यांशी तडजोड करून हाँगकाँग बेट मिळवले. पामर्स्टनने त्याला खाजगी पत्रात झापले: दिलेल्या सूचना त्याने रद्दीच्या कागदासारख्या मानल्या, आणि हाती काय आणले, तर जेथे धड घरही नाही असे एक उजाड बेट. पत्राचा सूर दुखावलेल्या वडीलधाऱ्याचा आहे. सरकार रागावत नाही. सरकार केवळ बदली करते. रागावण्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाची जागा खाजगी पत्राने तयार करून दिलेली असते. एलियटच्या जागी सर हेन्री पॉटिंजर याची नेमणूक झाली. त्याची उमेद मुंबई सरकारच्या चाकरीत, कच्छ आणि सिंधच्या राजकारणात गेली होती. २९ ऑगस्ट १८४२ च्या नानकिंगच्या तहाने ते 'उजाड बेट' कायमचे ब्रिटनकडे गेले आणि १९९७ पर्यंत राहिले. तोवर पामर्स्टनचे मंत्रिपद संपले होते.

याच प्रकरणातील दुसरे एक पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. नोव्हेंबर १८४२ मध्ये, पदावर नसताना, पामर्स्टनने लंडनमधील संसदसदस्य आणि पेढीवाला जॉन एबल स्मिथ याला लिहिले की, त्याने आणि विल्यम जार्डिन याने जी माहिती व मदत दिली तिच्यामुळेच चीनमधील आरमारी, लष्करी आणि राजनैतिक कारवाईच्या तपशीलवार सूचना देता आल्या. जार्डिन म्हणजे अफूच्या व्यापारातील मातबर पेढीचा भागीदार. माळव्याची अफू मुंबई बंदरातून ज्या जहाजांत चढे त्यांतील पुष्कळसा माल याच पेढीकडे जाई, आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभाई हे तिचे मोठे व्यवहारी सहकारी होते. युद्धाची आखणी कोणाच्या सल्ल्याने झाली हे आभाराच्या दोन वाक्यांत खाजगी पत्र सहज सांगून टाकते. एलियटला लिहिताना खाजगीपण शिक्षेचे हत्यार होते. स्मिथला लिहिताना ते कबुलीचे आडोसे झाले. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, सुवाच्य आणि ठाम.

पत्राला लेखक आणि प्राप्तकर्ता असे दोनच पक्ष असतात, असे गृहीत धरून पत्रवाङ्मयाचा विचार सामान्यतः केला जातो. राजनैतिक पत्राच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. मेटरनिखच्या ऑस्ट्रियात टपाल उघडून, नक्कल करून, पुन्हा मोहोर लावून पुढे धाडण्याची पद्धतशीर व्यवस्था होती, आणि ती सर्व दरबारांना ठाऊक होती. त्यामुळे महत्त्वाची पत्रे विश्वासू जासुदाबरोबर जात. आणि जे दुसऱ्या सरकारच्या कानी जावे असे वाटे ते साध्या टपालाने जाई. अशा पत्रावर नाव एकाचे असते, बोलणे दुसऱ्याशी असते. मिखाईल बाख्तीन याने ज्या उच्चाराला दुसऱ्याच्या शब्दाकडे तिरप्या नजरेने पाहणारा उच्चार म्हटले, त्याचे इतके रोकडे उदाहरण साहित्यात शोधूनही सापडणार नाही. येथे तिसरा वाचक ही केवळ मीमांसकाने कल्पिलेली शक्यता नाही. तो पगारी नोकर आहे, आणि त्याच्या टेबलावर लाख व मेणबत्ती आहे.

ही व्यवस्था परक्यांचीच होती असे समजण्याचे कारण नाही. जून १८४४ मध्ये टॉमस डंकम या सदस्याने कॉमन्समध्ये तक्रार मांडली की, लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या मॅझिनीची पत्रे टपालखात्यात उघडली जातात. मराठी वाचकाला सावरकरांच्या १९०७ मधील ग्रंथामुळे सुपरिचित असलेला हा इटालियन क्रांतिकारक आपल्या पत्रांवर अनेक दिवस पाळत ठेवून होता. परवाना गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम याचा होता; पत्रांतून मिळालेली माहिती परराष्ट्रमंत्री ॲबर्डीनमार्फत ऑस्ट्रियाच्या दूतापर्यंत पोचली. जुलैमध्ये बांदिएरा बंधूंना कॅलाब्रियात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांची मोहीम त्या माहितीमुळेच फसली काय, यावर पुढे वाद झाले. पण इंग्लंडमध्ये जो क्षोभ उसळला तो हेरगिरीच्या परिणामापेक्षा तिच्या पद्धतीविषयी होता. सभ्य माणसाचे पाकीट त्याच्या नकळत उघडावे आणि पुन्हा बेमालूम चिकटवावे, हे त्या समाजाला सहन होईना. चौकशी झाली, आणि परकीय पत्रे फोडणारे व सांकेतिक लिपी उलगडणारे गुप्त विभाग त्याच वर्षी बंद झाले.

त्याच १८४४ च्या अखेरीस एडगर ॲलन पो याची चोरलेल्या पत्राविषयीची कथा प्रसिद्ध झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. राणीचे पत्र एक मंत्री तिच्या डोळ्यांदेखत पळवतो, आणि पत्रात काय आहे हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. ज्याच्या हाती पत्र, त्याच्या हाती सत्ता, मजकूर गौण. या कथेवरून लाकाँने, पत्र अखेर आपल्या ठिकाणी पोचतेच, असा सिद्धान्त काढला, आणि देरिदाने, पत्र न पोचण्याची शक्यता पत्राच्या स्वरूपातच असते, असे म्हणून तो नाकारला. या वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परराष्ट्रमंत्र्यांच्या दप्तराकडे पाहिले की तिसरी एक शक्यता दिसते: पत्र पोचते, पण पूर्ण पोचत नाही. मधला कोणी त्यातील काही ओळी काढून घेतो, आणि उरलेले पत्र त्याच सहीने, त्याच तारखेने पुढे जाते.

अलेक्झांडर बर्न्स याच्या पत्रांचे असे झाले. स्कॉटलंडचा हा तरुण १८२१ मध्ये सोळाव्या वर्षी मुंबईच्या फौजेत दाखल झाला, फारसी आणि हिंदुस्तानी शिकला, मध्य आशियाच्या प्रवासाने नावारूपाला आला. १८३६ च्या अखेरीस गव्हर्नर-जनरल ऑकलंडने त्याला काबूलला पाठवले. तेथून त्याने दोस्त महंमदाला मित्र करावे असे परोपरीने लिहिले. ऑकलंडने उलट निर्णय घेतला: दोस्त महंमदाला काढून शाह शुजाला गादीवर बसवायचे. १८३९ मध्ये या प्रकरणाची कागदपत्रे निळ्या पुस्तिकेत संसदेपुढे आली तेव्हा बर्न्सच्या खलित्यांतील दोस्त महंमदाच्या बाजूचा मजकूर मोठ्या प्रमाणावर गाळलेला होता. उरलेले वाचणाऱ्याची समजूत अशी व्हावी की, ज्या धोरणाला बर्न्सचा विरोध होता तेच त्याने सुचवले. पत्रात एकही शब्द खोटा घातलेला नव्हता. जे होते ते त्याचेच होते. केवळ 'परंतु'नंतरचा भाग नव्हता.

२ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये जमावाने बर्न्सला ठार केले. जानेवारी १८४२ च्या माघारीत ती सारी फौज आणि तिच्याबरोबरचे हजारो नोकरचाकर, बहुतेक हिंदी, बर्फात नष्ट झाले. बर्न्सच्या वृद्ध वडिलांच्या वाट्याला मुलाच्या मृत्यूबरोबरच मुलाच्या नावावर छापलेले परके मतही आले. १८५१ मध्ये जॉन विल्यम के याने अफगाण युद्धाच्या इतिहासात ही काटछाट उघड केली. १८५९ मध्ये संपूर्ण पत्रे छापली गेली, आणि मार्च १८६१ मध्ये कॉमन्समध्ये चौकशीची मागणी झाली. १८३९ मध्ये काटछाट केलेली पत्रे छापली गेली तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेला पामर्स्टन आता पंतप्रधान होता. बर्न्सची मते सरकारच्या निर्णयाचा आधार नव्हती, तेव्हा ती गाळण्यात गैर काय, असा त्याचा युक्तिवाद होता. जॉन ब्राइटने त्याच्यावर कडाडून टीका केली. तरीही ठराव फेटाळला गेला. या युक्तिवादाकडे साहित्याच्या अभ्यासकाने नीट पाहावे. संहितेचा अर्थ तिच्या उपयोगाने ठरतो, आणि उपयोग करणाऱ्याला निरुपयोगी भाग काढून टाकण्याचा अधिकार आहे, असे येथे सत्ता म्हणते आहे. वाचकाला अर्थनिर्मितीचे स्वातंत्र्य देणाऱ्या सिद्धान्तांचे स्वागत करताना, अशा वाचकाचाही विचार करणे भाग आहे.

शिकारी स्वतःही एकदा याच जाळ्यात सापडला. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली. दुसऱ्याच दिवशी पामर्स्टनने फ्रेंच राजदूत वालेव्स्की याच्याजवळ बोलण्याच्या ओघात पसंती व्यक्त केली. ५ डिसेंबरचा सरकारी खलिता पॅरिसमधील राजदूत नॉर्मनबी याला सांगत होता की, तटस्थ राहावे. नॉर्मनबी हा तटस्थपणा घेऊन फ्रेंच परराष्ट्रमंत्र्याकडे गेला, तेव्हा इंग्लंडची पसंती आधीच कळली आहे असे त्याला ऐकावे लागले. त्याच्या पत्नीने ही हकिगत आपल्या दिराला, म्हणजे प्रिन्स आल्बर्टच्या पदरी असलेल्या कर्नल फिप्सला, खाजगी पत्रांतून कळवली. ती राजवाड्यात वाचली गेली. १९ डिसेंबरला पामर्स्टनचे मंत्रिपद गेले. फेब्रुवारी १८५२ मध्ये पंतप्रधान रसेलने राणीने १८५० च्या ऑगस्टमध्ये पाठवलेले टिपण भर सभागृहात वाचून दाखवले: मंत्र्याने काय करायचे ते आधी स्पष्ट सांगावे, आणि एकदा संमती मिळालेला मजकूर मनाला येईल तसा बदलू नये. ज्याने आयुष्यभर सरकारी आणि खाजगी यांमधल्या फटीत राज्य केले, त्याला खाली खेचायला एका बाईची घरगुती पत्रे आणि राणीचे एक अप्रकट टिपण पुरे झाले.

मृत्यूनंतर त्याची स्वतःची पत्रे कोणाच्या हाती पडली हेही पाहावे. चरित्र लिहायला घेतले ते सर हेन्री बुल्वर याने. १८४८ मध्ये पामर्स्टनचाच खलिता पुढे केल्यामुळे त्याला माद्रिदहून हाकलले गेले होते. पत्रांचा प्राप्तकर्ता त्यांचा संपादक झाला. १८७२ मध्ये तो वारल्यावर काम पुरे केले ते पामर्स्टनचा एकेकाळचा खाजगी चिटणीस आणि लेडी पामर्स्टनचा नातू एव्हलिन ॲश्ली याने. निवड करणे, गाळणे, जोडणे ही कामे आता प्रेमाने झाली. परंतु गाळणारा हात प्रेमाचा आहे की सत्तेचा, हे छापील पानावरून वाचकाला कळत नाही.

ब्रॉडलँड्सचा वाडा वारसाहक्काने ॲश्ली घराण्याकडून एडविना ॲश्लीकडे आणि तिच्या विवाहामुळे माउंटबॅटन घराण्यात आला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस साउथॅम्प्टन विद्यापीठात जो संग्रह गेला त्यात एका बाजूला पामर्स्टनची पत्रे आहेत आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानच्या शेवटच्या व्हाइसरॉयची कागदपत्रे. त्या दुसऱ्या बाजूलाही वाद शमलेला नाही: माउंटबॅटन पतिपत्नींच्या रोजनिशा व पत्रे खुली व्हावीत यासाठी एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही अभ्यासकाला कायद्याची लढाई करावी लागली. बराचसा मजकूर खुला झाला; काही ओळी झाकलेल्याच राहिल्या.

म्हणजे तिसऱ्या वाचकाचे टेबल रिकामे झालेले नाही. अभ्यासक त्याच टेबलाशी, त्याच्यासमोर बसतो. तोही दुसऱ्याच्या नावाचे पाकीट उघडतो, तोही त्यातून हवे ते उतरवून घेतो आणि नको ते ठेवून देतो. १८३९ च्या पुस्तिकेत बर्न्सच्या 'परंतु'वर कात्री चालवणाऱ्या अज्ञात कारकुनाचे काम आणि प्रबंधासाठी उतारा निवडणाऱ्या विद्यार्थ्याचे काम यांत कृतीचा फरक थोडा आहे. फरक पडतो तो, वगळलेले कोठे आहे हे सांगण्याच्या जबाबदारीने. बर्न्सची पूर्ण पत्रे संसदेच्या छापखान्यातून बाहेर पडली तेव्हा त्याला मरून अठरा वर्षे झाली होती. ती लिहिली गेली होती ऑकलंडसाठी, छापली गेली सभासदांसाठी. दोस्त महंमदाच्या बाजूने त्याने काबूलहून लिहिलेली ती वाक्ये आज ज्याला वाचायची असतील त्याला वाचता येतात, दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून.